लढणाऱ्या फौजेमागची फौज: आर्मी सर्व्हिस कोरचा इतिहास आणि काम

धागाकर्ता: रसदनोंद

आपल्या सैन्याला रसद आणि वाहतूक पुरवणारी आर्मी सर्व्हिस कोर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'एएससी', दर वर्षी ८ डिसेंबरला आपला स्थापना दिवस साजरा करते आणि तो १७६० सालापासून मोजते. मराठी वाचकाची नजर या तारखेवर अडखळणे साहजिक आहे. त्याच डिसेंबरात पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटत आली होती, अब्दालीचा धान्यपुरवठा मारण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले त्याच महिन्यात मारले गेले आणि त्यानंतर महिनाभरातच, १४ जानेवारी १७६१ रोजी, उपाशी फौज खंदकाबाहेर पडली. कोरची ही तारीख इंग्रज कंपनीच्या बंगालमधील व्यवस्थेची आहे आणि तिचा पानिपताशी अर्थातच काही संबंध नाही. तरीही फौजेला दाणावैरण पोहोचवणे हे कोणाचे काम, या प्रश्नाची उत्तरे हिंदुस्थानात त्या काळी दोन ठिकाणी किती वेगळ्या रीतीने दिली जात होती, हे त्या एका महिन्यात दिसते.

सैन्याविषयी आपल्याकडे होणारे बहुतेक लेखन पायदळ, रणगाडे आणि तोफखाना यांच्याभोवती फिरते. रसद, वाहतूक, दारूगोळ्याचा साठा आणि दुरुस्ती सांभाळणाऱ्या तुकड्यांची आठवण होते ती बहुधा काही कमी पडल्यावर. भारतीय सैन्याच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील मोहिमांचे निकाल पुष्कळदा या मागच्या फळीतच ठरले, असे माझे मत आहे. त्यामुळे या कोरचा इतिहास पराक्रमाच्या कथांपेक्षा फसलेल्या आणि साधलेल्या पुरवठ्याच्या अंगाने मांडावा, असे मी योजले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीच्या तिन्ही इलाख्यांत कमिसरियट, म्हणजे रसदपुरवठ्याची, खाती उभी राहिली. १९०१ मध्ये 'सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोर', १९२३ मध्ये 'इंडियन आर्मी सर्व्हिस कोर', १९३५ मध्ये त्यामागे 'रॉयल' ही उपाधी आणि प्रजासत्ताकाबरोबर १९५० मध्ये आजचे नाव, असा पुढचा क्रम आहे. 'सेवा अस्माकं धर्मः' हे तिचे बोधवाक्य असून केंद्र आणि महाविद्यालय बंगळूरला आहे. नामांतरांची यादी इतकी पुरे.

खरा धडा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मिळाला, आणि तो मिळाला पुण्याच्या फौजेला. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला उतरलेली ६ वी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणूनच ओळखली जात होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. २२ नोव्हेंबर १९१४ ला बसरा हाती आले. त्यानंतर वर्षभर टायग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकण्याचा मोह सेनापतींना आवरला नाही. बसऱ्याला मोठ्या जहाजांसाठी धक्के नव्हते, त्यामुळे माल भर पात्रात लहान होड्यांवर उतरवावा लागे आणि जहाजे दिवसचे दिवस खोळंबून राहत. तेथून पुढे धड रस्ता नाही, रेल्वे नाही आणि उथळ नदीत चालतील अशा आगबोटी अपुऱ्या. फौज जितकी पुढे गेली तितका तिचा नदीवरचा धागा ताणत गेला. टेसिफोनच्या लढाईनंतर जनरल टाउनशेंडला माघार घ्यावी लागली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा या गावात ही डिव्हिजन वेढली गेली.

वेढ्यातली एक बाब मला सर्वांत बोलकी वाटते. कोठारातले धान्य किती दिवस पुरेल, याची टाउनशेंडने सुरुवातीला कळवलेली मुदत प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी होती. त्या कळवण्यावर विसंबून सुटकेसाठी आलेल्या फौजेने जानेवारी १९१६ मध्ये पुरेशी जमवाजमव न होताच घाईने हल्ले चढवले आणि मोठी हानी सोसली. नंतर गावातील घरांची झडती घेतली गेली, तेव्हा जवाचे साठे निघाले आणि वेढा आणखी बरेच आठवडे सोसता येईल असे दिसून आले. कोठीची मोजदाद पहिल्याच आठवड्यात नीट झाली असती, तर त्या हल्ल्यांची घाई टळली असती. पुढे घोड्यांचे मांस खाण्याची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्माच्या विचाराने ते नाकारले आणि भाजीपाल्याच्या अभावी त्यांच्यात स्कर्व्हीचा आजार पसरला. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून परवानगी मागवण्यात आली खरी, पण ती येईतो उशीर झाला होता. एप्रिलमध्ये विमानांतून धान्याची पोती टाकण्याचा प्रयोग झाला. वेढलेल्या फौजेला हवेतून रसद देण्याचा जगातील हा अगदी आरंभीचा प्रयत्न होता, पण त्यातून पदरात पडले ते तुटपुंजे. २४ एप्रिलच्या रात्री 'जुल्नार' ही आगबोट सुमारे २७० टन माल घेऊन नदीतून घुसली आणि अडकून शत्रूच्या हाती पडली. २९ एप्रिलला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. मेसोपोटेमिया आयोगाच्या १९१७ च्या अहवालात नदीवरील वाहतुकीची टंचाई आणि वैद्यकीय व्यवस्थेचा बोजवारा यांवर कठोर ताशेरे आले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. धक्के नाहीत आणि बोटी कमी आहेत एवढ्यावरून लंडनमधला मंत्री गेला, ही गोष्ट पुरवठ्याच्या अभ्यासात अजून सांगितली जाते.

दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात या कोरसाठी जरा विलक्षण झाली. ब्रिटिश सैन्याने आपली जनावरे काढून टाकून सर्वत्र मोटारी आणल्या होत्या. १९३९ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या चिखलात त्या मोटारी रुतू लागतील हे ध्यानात आल्यावर खेचरांसाठी हिंदुस्थानकडे मागणी आली. चार खेचर-कंपन्या आणि सुमारे २,००० खेचरे मुंबई बंदरातून निघून २६ डिसेंबर १९३९ ला मार्सेयला उतरली. या तुकडीला 'फोर्स के-६' म्हणत आणि तिच्यातील बहुतेक जवान पंजाबी मुसलमान होते. १९४० च्या मे महिन्यात डंकर्कहून माघार झाली तेव्हा माणसे बोटींवर चढली, पण खेचरे मागेच सोडावी लागली. चारपैकी २२ वी कंपनी मात्र फ्रान्स-जर्मनी सीमेवरील सार आघाडीवर असल्यामुळे जूनमध्ये जर्मनांच्या कैदेत गेली. डंकर्कच्या वर्णनांत ही हिंदी माणसे क्वचितच भेटतात.

याहून महत्त्वाची घटना फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील आराकानात घडली. जपान्यांनी वळसा घालून ७ व्या हिंदी डिव्हिजनची पिछाडी कापली. सिंझवेया येथे डोंगरांनी वेढलेल्या जेमतेम मैलभराच्या सपाटीवर त्या डिव्हिजनचे प्रशासकीय क्षेत्र होते आणि तेथे दारूगोळ्याचे ढीग, धान्य, वर्कशॉप, खेचरे, कारकून आणि इस्पितळ असा सारा संसार होता. ब्रिगेडियर जेफ्री इव्हान्स यांच्या हाताखाली या लोकांनीच मोर्चे खणले. पायदळाचा आणि रणगाड्यांचा आधार होता, तरी ड्रायव्हर, शिधा वाटणारे आणि खेचरवाले रात्रंदिवस बंदूक घेऊन खंदकात बसले. इस्पितळावर जपान्यांनी केलेली कत्तल याच वेढ्यातली. डकोटा विमानांनी शिधा, गोळ्या आणि औषधे वरून टाकणे चालू ठेवले आणि पिछाडी कापली की फौज मागे फिरेल हे जपान्यांचे गणित फसले. त्या आघाडीचे सेनापती जनरल स्लिम यांच्या फौजेला हवाई छत्र्यांसाठी रेशीम पुरत नव्हते, म्हणून कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या छत्र्या करून घेण्यात आल्या. त्या माणसांसाठी नव्हत्या, पण पिठाच्या पोत्यांसाठी पुरेशा होत्या. त्याच वर्षी इंफाळलाही हवाई रसदीनेच तग धरता आली.

स्वातंत्र्यानंतरचे चित्र १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेपासून सुरू होते, पण मला थांबायचे आहे ते १९६२ वर. ईशान्य सीमेवरील नामका चू या नदीच्या काठी ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ७ वी ब्रिगेड उभी करण्यात आली तेव्हा मोटारीचा रस्ता कित्येक दिवसांच्या चालीवर मागे राहिला होता. माल त्सांगधर येथे विमानांतून टाकला जाई आणि त्यातला बराचसा घळींत घरंगळत जाई किंवा सापडतच नसे. ऑक्टोबरच्या थंडीत पुष्कळ जवानांच्या अंगावर सुती गणवेश आणि वाट्याला एक घोंगडी होती, तर माणशी पन्नासेक गोळ्या. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला आला तेव्हा ब्रिगेड कोठे उभी करायची हे राजकीय पातळीवर ठरले होते, पण तेथे तिला काय पोहोचवता येईल हा हिशेब कोणी ऐकून घेतला नव्हता. सीमा सडक संघटना ७ मे १९६० ला स्थापन झाली होती, परंतु दोन वर्षांत हिमालयात रस्ते उभे राहत नाहीत.

आजची विभागणी थोडक्यात सांगतो. अन्नधान्य, इंधन, मोटार वाहतूक, खेचर वाहतूक आणि विमानातून टाकायच्या मालाची बांधाबांध एएससीकडे असते. शस्त्रे, दारूगोळा, कपडे आणि सुटे भाग ऑर्डनन्स कोरकडे, आणि दुरुस्ती १९४३ मध्ये वेगळ्या झालेल्या ईएमईकडे, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या कोरकडे. जाणकारांनी भर घालावी.

प्रतिसाद: मुळाकाठ

लेख आवडला. एक शंका आहे. अमेरिकी सैन्याच्या बातम्यांत 'सस्टेनमेंट ब्रिगेड' असा उल्लेख येतो, म्हणजे निव्वळ पुरवठ्यासाठी उभारलेली ब्रिगेड. आपल्याकडे तशी ब्रिगेड का ऐकू येत नाही? की कामे तीच आणि रचना निराळी आहे?

प्रतिसाद: रसदनोंद

मुळाकाठ, दुसरा तर्क योग्य आहे. अमेरिकी सैन्याने २००० नंतरच्या दशकात आपली डिव्हिजन-केंद्रित रचना मोडून स्वतंत्रपणे हलवता येतील अशा ब्रिगेडी केल्या. त्या ओघात पूर्वीचे डिव्हिजन सपोर्ट कमांड आणि कोर पातळीवरचे सपोर्ट गट यांच्या जागी सस्टेनमेंट ब्रिगेडी आल्या. त्यांचे सैन्य समुद्रापार लढते, त्यामुळे बंदरापासून आघाडीपर्यंतची साखळी एका कमांडरच्या हाती देणे त्यांना सोयीचे पडते.

आपले सैन्य मुख्यतः स्वतःच्याच सीमेवर, ठरलेल्या रस्त्यांच्या टोकांवर उभे असते. म्हणून एएससीच्या बटालियन आणि कंपन्या डिव्हिजन, कोर आणि कमांड यांच्याशी जोडलेल्या असतात. लढणाऱ्या ब्रिगेडमध्ये हा सारा हिशेब ज्याच्या डोक्यावर असतो, त्या रसद-प्रशासनाच्या स्टाफ अधिकाऱ्याला सगळे 'डीक्यू' म्हणतात. त्याच्याखाली प्रत्येक पलटणीचा क्वार्टरमास्टर असतो. लढाईच्या आखणीच्या बैठकीत ब्रिगेड मेजरच्या, म्हणजे लढाईची आखणी करणाऱ्या स्टाफ अधिकाऱ्याच्या, नकाशावरचा बाण किती लांब जाऊ शकतो, हे ठरवणारा आकडा पुष्कळदा डीक्यूच्या वहीतून येतो.

प्रतिसाद: दख्खनी

पानिपताचा उल्लेख केलात, पण रसदीच्या बाबतीत त्याहून जवळचे उदाहरण १८०३ चे आहे आणि ते आपल्या अंगणातले आहे. आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांवर चालून आला तेव्हा त्याने थेट त्यांच्या फौजेचा माग काढला नाही. आधी अहमदनगर घेतले. ८ ऑगस्टला पेठ पडली आणि १२ ऑगस्टला किल्ला. त्या किल्ल्यात त्याने धान्याचे आणि दारूगोळ्याचे कोठार केले आणि मग तो गोदावरीपार गेला. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांची त्याला किती किंमत होती, हे त्याच्या लिखाणात जागोजागी दिसते. पावसाळ्यात फुगलेल्या नद्या ओलांडण्यासाठी टोपलीच्या आकाराच्या होड्यांची तजवीजही त्याने आधीच केली होती. धान्य आणणारे बंजारे त्याच्या बाजूने होते तसेच मराठ्यांच्याही बाजूने असत, कारण ते धान्य विकत आणि जो रोख पैसे देई त्याच्या छावणीत बाजार मांडत.

मला वाटते, आपल्याकडे 'मराठ्यांना रसदीचे भान नव्हते' असे जे सरसकट म्हटले जाते ते चूक आहे. शिवकालापासून गडावरील अंबारखाने, दारूकोठारे आणि पाण्याची टाकी यांची काळजी हा मराठ्यांच्या युद्धपद्धतीचा कणाच होता. फरक पडला तो फौज गडापासून दूर, उत्तरेत जाऊन महिनोन्‌महिने राहू लागल्यावर. तेव्हा गडाची जागा घेणारे कोठार वाटेवर उभे राहिले नाही, सोबत यात्रेकरूंचा आणि बाजारबुणग्यांचा मोठा लवाजमा गेला आणि सारी भिस्त दोआबातल्या वसुलीवर राहिली.

प्रतिसाद: रसदनोंद

दख्खनी, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. अहमदनगरच्या मुद्द्यात एक भर घालतो. वेलस्लीचे बैल आणि बंजारे हा कंत्राटाचा आणि पैशाचा मामला होता. ती शिस्तीची फौज नव्हती. पगारी, गणवेशधारी आणि लष्करी कायद्याखालची वाहतूक उभी राहायला अजून बराच काळ जायचा होता. कंत्राटी वाहतूक शांततेत स्वस्त पडते, पण गोळीबार सुरू झाला की गाडीवान बैल सोडून पळतो. दुसऱ्या अफगाण युद्धातील वाहतुकीची हलाखी सर्वांना दिसल्यानंतरच वाहतूक हे सैनिकाचे काम आहे हा विचार पक्का होत गेला आणि त्याची परिणती १९०१ च्या कोरमध्ये झाली.

प्रतिसाद: सुभेदार निवृत्त

सर्वांना नमस्कार. मी एएससीच्या एमटी, म्हणजे मोटार वाहतूक, बटालियनमध्ये ड्रायव्हर म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन निवृत्त झालो. रसदनोंद साहेबांनी इतिहास उत्तम लिहिला आहे, मी प्रत्यक्ष कामाविषयी थोडे लिहितो.

लडाखमध्ये वर्षाचे दोनच हंगाम असतात, जोझी ला उघडा असतो तो आणि बंद असतो तो. खिंड साडेअकरा हजार फुटांवर आहे, म्हणजे लडाखच्या मानाने ती काही उंच नाही, पण बर्फ आणि हिमस्खलन तेथे फार. उघडीपीच्या महिन्यांत पुढच्या पूर्ण हिवाळ्याचे धान्य, डाळ, तेल, साखर, रॉकेल, डिझेल, कोळसा, औषधे आणि गोळे वर न्यायचे असतात. याला 'अ‍ॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग' म्हणतात आणि आमच्या पोरांच्या रजा, लग्ने, सारे काही त्यावर ठरते. श्रीनगरहून सोनमर्ग, जोझी ला, द्रास, कारगिल, लेह असा एक रस्ता आणि मनालीकडून दुसरा. खिंडीत अरुंद घाटामुळे एका वेळी एकाच दिशेची वाहतूक सोडत, त्यामुळे काफिला पहाटेच्या अंधारातच हलवावा लागे. एक गाडी घाटात बंद पडली की मागचा सगळा ताफा उभा राहतो, म्हणून ईएमईची रिकव्हरी गाडी आणि फिटर ताफ्यात असतातच. आमच्या काळी शक्तिमान गाड्या जाऊन स्टॅलियन आल्या आणि चढावर जीव थोडा हलका झाला.

थंडीत डिझेल घट्ट होते. टाकीखाली निखाऱ्यांची घमेली ठेवून ते सैल करावे लागे आणि हे काम करताना नवीन ड्रायव्हरचा हात पाहिल्यावर तो किती दिवसांचा आहे ते कळे. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल आणले, तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण त्या दिवशी आमच्या ग्रुपवर जो आनंद झाला तो नागरी माणसाला समजणार नाही.

वर राहणाऱ्या माणसाचा शिधा वेगळा असतो. ९,००० फुटांपर्यंत एक, ९,००० ते १२,००० पर्यंत दुसरा आणि त्याच्या वर तिसरा. उंचीवर भूक मरते, म्हणून डबाबंद फळे, सुकामेवा, चॉकलेट अशा जिनसा वाढतात. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेली पाकिटे आता चांगली आहेत. आमच्या वेळी शकरपारे असत आणि ते फोडण्यासाठी दात शाबूत लागत. रॉकेल मात्र सगळ्यांत महत्त्वाचे. बुखारी, म्हणजे खोली तापवणारी शेगडी, पेटवणे, स्वयंपाक आणि बर्फ वितळवून पाणी करणे, सगळे त्यावर. एक वेळ पिठाची गोणी उशिरा आली तरी चालते, रॉकेलचा जेरीकॅन उशिरा आला तर चालत नाही.

एअर डिस्पॅचवाल्यांविषयी, म्हणजे विमानातून माल टाकणाऱ्यांविषयी, फार कमी लिहिले जाते. छत्रीशिवाय टाकायच्या तांदळाचे पोते सैल दुसऱ्या पोत्यात घालून शिवतात. आदळल्यावर आतले फुटले तरी दाणे बाहेरच्यात राहतात. चंदीगडहून एएन-३२ उडायचे, तेव्हा मागे उभे राहून माल ढकलणारी ही आमचीच माणसे असत.

प्रतिसाद: गारवा

सुभेदार साहेब, आपला प्रतिसाद अत्यंत वाचनीय आहे. कारगिलच्या वेळी या साखळीवर किती ताण आला असेल, याची कल्पना आता येते. द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरावरून नजर ठेवून महामार्गावर तोफांचा मारा होत होता, म्हणजे घाव रसदीवरच होता ना?

प्रतिसाद: रसदनोंद

होय. १९९९ च्या घुसखोरीचा उद्देशच श्रीनगर-लेह रस्ता मारून लेह आणि सियाचीन यांचा पुरवठा तोडणे हा होता. द्रासजवळ तो रस्ता शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात होता आणि घुसखोरी लक्षात आली ती ऐन मे महिन्यात, म्हणजे साठा भरण्याचा हंगाम सुरू होत असताना. त्यामुळे एकीकडे लढाईसाठी लागणारे गोळे वर न्यायचे आणि दुसरीकडे पुढच्या हिवाळ्याचा साठाही भरायचा, अशा दोन कामांची एकाच रस्त्यावर गर्दी झाली. त्या युद्धात अडीच लाखांच्या आसपास तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली गेली. त्यातील प्रत्येक गोळा कोणीतरी डेपोतून आगगाडीत, आगगाडीतून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून तोफेपर्यंत नेला होता. तोफेच्या पुढे, पायदळाच्या ठाण्यांपर्यंत, खेचरे आणि स्थानिक पोर्टर होते.

२०२० मध्ये गलवानमधील चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर सुमारे ५०,००० जादा सैन्य लडाखमध्ये गेले आणि त्यांच्या निवाऱ्याची, कपड्यांची आणि शिध्याची सोय त्याच हंगामात करावी लागली. नेमक्या ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदाही वाहतुकीस खुला झाला. खुद्द जोझी लाचा बोगदा पूर्ण होईल तेव्हा सुभेदार साहेबांनी सांगितलेले दोन हंगामांचे गणित बदलेल.

प्रतिसाद: वर्धेचा

महाराष्ट्राचा या साखळीतील वाटा कोणी लिहिला नाही, म्हणून लिहितो. वर्धा जिल्ह्यातील पुलगावचा मध्यवर्ती दारूगोळा डेपो हा देशातील सर्वांत मोठा. खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, रणगाड्यांचा डेपो आणि ५१२ आर्मी बेस वर्कशॉप, देहू रोडला ऑर्डनन्स डेपो, वरणगाव आणि भुसावळला कारखाने. पुलगाव परिसरातील लोकांना ३१ मे २०१६ ची पहाट विसरता येणार नाही. डेपोतील आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि आजूबाजूची गावे रात्रीतून रिकामी करावी लागली. सीमेपासून इतक्या दूर, विदर्भाच्या सपाटीवर, सैन्याच्या पुरवठ्यासाठी माणसे प्राण देतात, हे त्या दिवशी देशाला कळले.

प्रतिसाद: मुळाकाठ

शेकटकर समितीचाही उल्लेख व्हायला हवा. लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर यांच्या समितीने २०१६ च्या अखेरीस अहवाल दिला. लढणारे आणि त्यांना आधार देणारे यांचे प्रमाण सुधारावे हा त्याचा गाभा होता. २०१७ मध्ये सरकारने पहिल्या टप्प्यात ६५ शिफारशी स्वीकारल्या आणि सुमारे ५७,००० पदांची फेररचना जाहीर केली. लष्करी डेअरी फार्म त्यातच बंद झाले. पहिले फार्म १८८९ मध्ये अलाहाबादला निघाले होते आणि ३१ मार्च २०२१ ला सेवा संपली. पिंपरीचे मिलिटरी डेअरी फार्म पुणेकरांच्या पिढ्यांनी पाहिले आहे. दूध आता बाजारातून मिळते, मग सैन्याने गायी का पाळाव्यात, हा युक्तिवाद मला तरी पटतो.

प्रतिसाद: रसदनोंद

दुधाच्या बाबतीत मलाही पटतो. १८८९ मध्ये छावणीत स्वच्छ दूध मिळत नव्हते, आज सहकारी संघ ते आणून देतात. ज्या कामाला शांततेतली बाजारपेठ आहे आणि जे युद्धातही शहरातच राहणार आहे, ते बाहेर द्यावे. माझी अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. फक्त प्रमाणाचा आकडा पाहून कपात केली, तर सिंझवेयात खंदकात बसलेला ड्रायव्हर कोणत्या रकान्यात धरायचा, हे ठरत नाही.

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला होता. २००९ मध्ये कर्नलपदाच्या बढत्यांसाठी असे धोरण आले की, पायदळ आणि तोफखान्याला जास्त जागा मिळाल्या आणि एएससी, ऑर्डनन्स व ईएमई यांच्या वाट्याला तुलनेने कमी. या कोरमधील अधिकारी सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेले आणि २०१५ मध्ये तेथे जिंकले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धोरण कायम ठेवले, पण या कोरसाठी कर्नलची जादा पदे निर्माण करण्यास सांगितले. लढणाऱ्या पलटणींचे कमांडर तरुण असावेत हा धोरणामागचा हेतू रास्तच होता. सुनावणीत मात्र एएससी ही 'ऑपरेशनल' आहे की नाही, अशी चर्चा झाली, आणि जोझी लावर गाडी चालवणाऱ्याला ती कशी वाटली असेल हे सुभेदार साहेबच सांगू शकतील.

प्रतिसाद: सुभेदार निवृत्त

साहेब, न्यायालयाविषयी मी बोलणार नाही. आमच्या ताफ्यातील पोरांना त्या रस्त्यावर हे कोणी विचारले नव्हते, एवढेच सांगतो.

प्रतिसाद: गारवा

शेवटचा प्रश्न. १५ जानेवारी २०२५ ला पुण्यात खडकीच्या बॉम्बे इंजिनीअर ग्रुपच्या मैदानावर सेनादिनाचे संचलन झाले, त्यात चार पायांची यंत्र-खेचरे चालताना पाहिली. आता खऱ्या खेचरांचे दिवस संपले म्हणायचे का?

प्रतिसाद: सुभेदार निवृत्त

आमच्या एटीवाल्या, म्हणजे जनावरांच्या वाहतुकीतल्या, दोस्तांकडून ऐकलेले आणि थोडे स्वतः पाहिलेले सांगतो. सामान्य खेचर दोन मण, म्हणजे ७२ किलोच्या आसपास ओझे घेऊन चढते. यंत्र-खेचराची क्षमता सध्या १५ किलोच्या आसपास सांगतात. ते टेहळणीला, एखाद्या घरात शिरण्यापूर्वी आत पाहायला उत्तम आहे. ओझ्यासाठी आज त्याच्यापेक्षा ड्रोन आणि चारचाकी एटीव्ही जास्त उपयोगी पडत आहेत, आणि जनावरांची संख्या पुढील काही वर्षांत निम्म्याहून कमी करण्याची सैन्याची योजना आहे.

पेडोंगी नावाची खेचर आमच्या कोरमध्ये प्रसिद्ध आहे. १९७१ मध्ये ती पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागली आणि काही दिवसांनी पाठीवर त्यांची मशिनगन आणि गोळ्यांच्या पेट्या घेऊन आपल्या ठाण्यावर परत आली. वाट तिला कोणी दाखवली नव्हती. सर्वांत दीर्घ सेवा केलेली लष्करी खेचर म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली आणि दिल्लीच्या एएससी ऑफिसर्स मेसमधील एका दालनाला तिचे नाव दिले गेले.

रस्ता ज्या ठाण्यापर्यंत पोहोचेल तेथील खेचर-कंपनी उठेल, आणि उठावीच, कारण बर्फात जनावरांचे फार हाल होतात. पण रात्री धुक्यात, वाऱ्यामुळे ड्रोन उडत नसताना, ज्या पायवाटेवर रॉकेल पोहोचवायचे असते, तेथे सध्या तरी खेचर आणि पोर्टर हेच जातात.

प्रतिसाद: रसदनोंद

धन्यवाद, सुभेदार साहेब. एटी कंपन्यांमध्ये किंवा एअर डिस्पॅचमध्ये काम केलेले आणखी कोणी वाचत असल्यास त्यांनी अवश्य लिहावे. विशेषतः १९७१ मध्ये त्रिपुराच्या बाजूने झालेल्या जमवाजमवीविषयी प्रत्यक्षदर्शींकडून वाचायला आवडेल.